टक्का दहाच्या आत आला, तरी थांबा : शोधनिबंध, वाङ्मयचौर्य आणि एआय

ग्रंथालयातून ‘प्लॅग रिपोर्ट’ (आपला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याचा अहवाल) आला की नजर आधी टक्क्यावर जाते. नऊ दिसले की हायसे वाटते, बारा दिसले की धावाधाव सुरू होते. रंगवलेल्या ओळींतले शब्द बदलायचे, वाक्य उलटे फिरवायचे, नाहीतर सगळा परिच्छेद चॅटजीपीटीला देऊन ‘वेगळ्या शब्दांत लिही’ म्हणायचे. टक्का उतरतो. उचलेगिरी असेल तर ती मात्र जागच्या जागी राहते, आणि आता ती लपवल्याचा पुरावाही तयार झालेला असतो.

टर्निटिन किंवा ड्रिलबिट ही साधने मोजतात ते साम्य. चौर्य झाले की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते. अवतरणचिन्हांत, पृष्ठांकासह दिलेला उतारा साम्य दाखवतो पण चौर्य नसतो. इंग्रजी लेखातून मराठीत उतरवलेला, नाव न दिलेला उतारा बहुतेक वेळा शून्य साम्य दाखवतो आणि पुरेपूर चौर्य असतो. म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यात रिपोर्टवर करायचे नाही. पहिले टिपण घेतो त्या दिवसापासून, कोणती ओळ कुठून आली याची नोंद ठेवायची. पुढचे सगळे त्या नोंदीभोवती फिरते.

नियम नेमका काय म्हणतो

विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०१८ चे विनियम चार पातळ्या ठरवतात. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर ती शून्य पातळी, दंड नाही. १० च्या वर ते ४० टक्क्यांपर्यंत असेल तर ती पहिली पातळी, विद्यार्थ्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यायचा. ४० च्या वर ते ६० पर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेले तर नोंदणी रद्द. प्राध्यापकांच्या प्रकाशनांसाठी दंड वेगळे आहेत. पहिल्या पातळीवर लेख मागे घ्यावा लागतो. दुसऱ्या पातळीवर त्याशिवाय एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षे नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तिसऱ्या पातळीवर लागोपाठ दोन वेतनवाढी जातात आणि तीन वर्षे मार्गदर्शकपद बंद राहते.

दहा टक्के सगळ्यांना पाठ असतात, पण त्याच विनियमांतली दुसरी ओळ फार कोणी वाचत नाही. सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निकाल, निष्कर्ष आणि शिफारशी या भागांत साम्य असताच कामा नये, असे तिथे म्हटले आहे. सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगाने जुळणारी, सलग चौदा शब्दांपर्यंतची रचना तेवढी वगळली जाते. म्हणजे एकूण साम्य सात टक्के आहे पण त्यातले पाच टक्के निष्कर्षाच्या प्रकरणात आहेत, तर तो प्रबंध सुरक्षित नाही. उलट, बारा टक्क्यांतले बहुतेक साम्य कायद्याची कलमे, प्रमाण समीकरणे किंवा रीतसर उद्धृत उतारे यांचे असेल, तर ते मोजणीतून वगळायचेच असते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि आभार हेही वगळले जातात.

या विनियमांत एआयचा शब्दही नाही. ते चॅटजीपीटीच्या चार वर्षे आधीचे आहेत. त्यामुळे एआयच्या बाबतीत आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक आणि ज्या नियतकालिकाला लेख पाठवायचा त्याचे धोरण, या दोन्ही गोष्टी लिहायला बसण्याआधी वाचाव्यात. धोरण सापडलेच नाही, तर संपादकांना दोन ओळींची ईमेल करून विचारावे आणि ते उत्तर जपून ठेवावे.

टिपण घेतानाची शिस्त

बहुतेक चौर्य जाणूनबुजून होत नाही. वर्षभरापूर्वी वहीत उतरवलेली वाक्ये नंतर आपलीच वाटू लागतात. उपाय जुनाच आहे. टिपणात तीन प्रकार वेगळे ठेवा. जसेच्या तसे घेतलेले अवतरणचिन्हांत आणि पृष्ठांकासह. आपल्या शब्दांत घेतलेले पृष्ठांकासह, पण चिन्हांशिवाय. स्वतःचा विचार असेल तर सुरुवातीला ‘मी’ लिहून. वही असो, वर्ड असो की झोटेरोसारखे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर, पद्धत बदलत नाही. पृष्ठांक त्याच क्षणी टिपा. ग्रंथालयात परत केलेल्या पुस्तकाचा पृष्ठांक सहा महिन्यांनी शोधण्यासारखी शिक्षा नाही.

आपल्या शब्दांत लिहिणे म्हणजे काय, ते एका उदाहरणावर पाहू. समजा, मूळ वाक्य असे आहे: ‘दुष्काळात चारा छावण्यांमुळे जनावरे वाचली, पण छावणीत मुक्कामी गेलेल्या कुटुंबांतील मुलींच्या शिक्षणात खंड पडला.’

हे असे बदलले जाते: ‘अवर्षणकाळात चारा छावण्यांमुळे पशुधन बचावले, मात्र छावणीत वास्तव्यास गेलेल्या कुटुंबांतील मुलींच्या शिक्षणात व्यत्यय आला.’ दुष्काळाचे अवर्षण झाले, जनावरांचे पशुधन झाले, वाक्याचा सांगाडा तोच राहिला. खाली संदर्भ दिला तरी हे ठिगळकामच. एआयची ‘पॅराफ्रेज’ साधने नेमके हेच करतात, फक्त झटपट.

आता हे पाहा: ‘छावणी यशस्वी झाली का, हे सहसा वाचलेल्या जनावरांवरून ठरवले जाते. अमुक लेखक (वर्ष, पृ. ४७) त्याच छावणीकडे शाळेच्या हजेरीपटावरून बघतात, आणि तिथे हिशेब उलटा दिसतो.’ इथे मूळ लेखकाचे म्हणणे त्याच्या नावावर आहे आणि ते आपल्या युक्तिवादात कशासाठी आणले, हेही दिसते. असे लिहिण्याची युक्ती सोपी आहे: मूळ पान मिटा, पाच मिनिटे थांबा, समोरच्याला सांगितल्यासारखे लिहा, मग पान उघडून तपशील पडताळा. पान उघडे ठेवून लिहिले की ठिगळच होते.

स्वतःच्या जुन्या लेखातला मजकूर संदर्भाशिवाय पुन्हा वापरणेही चालत नाही. आयोगाने २०२० मध्ये त्याबद्दल वेगळी सूचना काढली आहे. प्रबंधातूनच निबंध आले असतील तर प्रकरणाच्या सुरुवातीला तसे स्पष्ट लिहा, आणि रिपोर्टमधून ते निबंध वगळण्यासाठी मार्गदर्शकांचे कोणते पत्र लागते ते ग्रंथपालांना आधीच विचारा.

एआयला कोणते काम द्यावे

भाषेची साफसफाई, इंग्रजी व्याकरण, लांबलेल्या वाक्याचे दोन तुकडे, संदर्भांचे एका शैलीतून दुसऱ्या शैलीत रूपांतर, संगणकीय कोडमधली चूक शोधणे, ‘माझ्या युक्तिवादावर कोणते आक्षेप येतील?’ असा प्रश्न. ही कामे बहुतेक ठिकाणी चालतात. जे वाचले नाही त्याचा आढावा लिहून घेणे, माहितीतल्या रिकाम्या जागा भरून घेणे, निकालांचा अर्थ लावून घेणे ही कामे देऊ नयेत. चित्रांच्या बाबतीत तर अनेक मोठे प्रकाशक एआयने बनवलेल्या प्रतिमा घेतच नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत फ्रंटिअर्स या प्रकाशकाच्या एका जीवशास्त्रीय नियतकालिकात मिडजर्नी या एआय चित्रसाधनाने काढलेली उंदराची आकृती छापली गेली. अवयव अशक्य आकाराचे आणि नावांच्या जागी निरर्थक अक्षरे होती. तीन दिवसांत लेख मागे घ्यावा लागला.

साफसफाईचे काम निरुपद्रवी वाटते, पण घात तिथेही होतो. इंग्रजी परिच्छेद सुधारायला दिला की ‘संबंध दिसतो’ याचे ‘परिणाम होतो’ होऊन येते. ‘बऱ्यापैकी फरक’ याचे ‘सिग्निफिकंट डिफरन्स’ होते, आणि सांख्यिकीय चाचणी न करता आपण ती केल्याचा दावा करून बसतो. ‘काही गावांत’ हे शब्द गळून पडतात. म्हणून सुधारलेला मजकूर थेट चिकटवू नका. वर्डमधल्या ‘कम्पेअर’ सोयीने जुना-नवा मजकूर समोरासमोर ठेवा आणि एकेक बदल मान्य किंवा अमान्य करा. क्रियापदे, प्रमाणदर्शक शब्द आणि आकडे या तिन्हींवर बोट ठेवून वाचा.

मुलाखतींचे शब्दांकन, रुग्णांची माहिती, गावाचे आणि माणसाचे नाव असलेली टिपणे सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नका. संमतिपत्रावर सही करणाऱ्याने त्याला होकार दिलेला नसतो. परीक्षणासाठी आलेला दुसऱ्याचा लेखही तिथे टाकायचा नाही. तो गोपनीय दस्तऐवज आहे. अमेरिकेच्या एनआयएचने (राष्ट्रीय आरोग्य संस्था) २०२३ मध्ये आपल्या परीक्षकांना हे करायला सरळ मनाई केली.

एआय वापरले की त्याच दिवशी एक ओळ लिहा. नोंद अशी दिसते:

‘१२ ऑगस्ट. चॅटजीपीटी, मोफत आवृत्ती. प्रकरण ३, परिच्छेद २ ते ५ चे इंग्रजी व्याकरण. ११ सूचनांपैकी ८ घेतल्या. “सिग्निफिकंट” काढला, चाचणी केलेली नाही.’

चॅटची प्रत पीडीएफ करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. हे काम दोन मिनिटांचे आहे.

संदर्भ एकेक करून उघडा

सगळ्यात जास्त लेख इथे बुडतात. भाषाप्रारूप, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनामागची यंत्रणा, संदर्भ ‘शोधत’ नाही, संदर्भासारखी दिसणारी अक्षरे जुळवते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-३.५ ने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि जीपीटी-४ च्या संदर्भांपैकी १८ टक्के बनावट निघाले. नंतरची साधने इंटरनेटवर शोध घेतात, त्यामुळे निखळ बनावट संदर्भ कमी होतात, पण खऱ्या लेखाच्या तोंडी न केलेले विधान घालणे चालूच राहते. ते पकडायला अधिक अवघड.

तपासणीचा क्रम असा ठेवा. डीओआय (ऑनलाइन लेखाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक) असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाका आणि उघडणाऱ्या लेखाचे शीर्षक जुळवा. बनावट संदर्भाचा डीओआय पुष्कळदा खरा असतो, पण भलत्याच लेखाचा. मग शीर्षक क्रॉसरेफ या शोधलेखांच्या ऑनलाइन नोंदसूचीत शोधा. तरी सापडले नाही तर नियतकालिकाच्या त्या खंडाची आणि अंकाची अनुक्रमणिका उघडा. खरा लेखक, खरे नियतकालिक, योग्य वर्ष आणि अस्तित्वात नसलेला लेख ही बनावट संदर्भाची ठरलेली ठेवण. लेख मिळाला की तो मागे घेतलेला नाही ना हे पाहा. झोटेरोत जतन केलेला लेख मागे घेतलेला असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवते. शेवटी, ज्या विधानासाठी संदर्भ देताय ते विधान त्या पानावर आहे का, ते स्वतः वाचा. एवढे जमत नसेल तर तो संदर्भ काढून टाका.

मराठी साहित्यावर काम करणाऱ्यांना एक वेगळा धोका आहे. एआयला तुकोबांचा एखाद्या विषयावरचा अभंग विचारा. ते चार चरण देईल, शेवटी ‘तुका म्हणे’ही लावेल. लय बरी असते, शब्दही वारकरी वळणाचे. पण गाथेत तो अभंग नसतो. म्हणून प्रत्येक अभंगाला गाथेची आवृत्ती आणि अभंग क्रमांक द्यायचाच, आणि तो छापील प्रतीतून. संकेतस्थळावरून नको, कारण असे नकली चरण तिथेही पोचू लागले आहेत. ओव्या, म्हणी, शासन निर्णयांचे क्रमांक आणि जुन्या वृत्तपत्रांच्या तारखा यांनाही हाच नियम.

यंत्राची चूक किती लांब जाते त्याचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ नावाचे तंत्र जगात नाही. १९५९ च्या एका दोन-स्तंभी लेखाचे स्कॅनिंग होताना डाव्या स्तंभातला ‘व्हेजिटेटिव्ह’ आणि उजव्यातले ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ हे शब्द एकमेकांना चिकटले. शिवाय खरे तंत्र ‘स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’, आणि फारसीत ‘स्कॅनिंग’ आणि ‘व्हेजिटेटिव्ह’ या शब्दांत एका नुक्त्याचा फरक. भाषांतर आणि भाषाप्रारूपे यांच्या वाटेने हा शब्द नव्या शोधनिबंधांत शिरला, आणि आता तो दिसला की तपासनीस लगेच कान टवकारतात. शब्द बदलून देणाऱ्या साधनांचीही तीच गत. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बूझम पेरिल’ केलेले निबंध संशोधकांनी ढिगाने शोधून काढले आहेत. पारिभाषिक शब्दाला समानार्थी शब्द नसतो, हे त्या साधनांना माहीत नसते.

चॅटबॉटची ओळ चुकून तशीच राहून जाते ती वेगळीच. २०२४ मध्ये एल्सव्हिअर या मोठ्या प्रकाशकाच्या एका नियतकालिकात बॅटरीवरच्या लेखाची प्रस्तावना ‘सर्टनली, हिअर इज अ पॉसिबल इंट्रोडक्शन’ अशी सुरू झाली. लेखकांनी, परीक्षकांनी आणि संपादकांनीही ती ओळ वाचली नव्हती.

जाहीर कुठे आणि कसे करायचे

एआयला सहलेखक करता येत नाही. प्रकाशननीतीवर काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्येच हे स्पष्ट केले, कारण लेखकपणाबरोबर येणारी जबाबदारी यंत्र घेऊ शकत नाही. जाहीर करण्याची जागा प्रकाशकागणिक बदलते. एल्सव्हिअरला संदर्भयादीच्या आधी वेगळे निवेदन लागते. आयट्रिपलई ही अभियंत्यांची संस्था ते आभारात मागते. आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीच्या शिफारशींनुसार लेखनसाहाय्य आभारात, तर माहितीचे विश्लेषण किंवा आकृतीसाठी केलेला वापर पद्धतीच्या भागात सांगायचा, शिवाय लेखासोबतच्या पत्रातही. नुसते शुद्धलेखन तपासले असेल तर बऱ्याच ठिकाणी निवेदन लागत नाही. शंका असेल तर द्यावे. दिल्याने लेख परत आला तर दुसरे नियतकालिक मिळते, लपवल्याने परत आला तर नाव जाते.

मराठी निबंधासाठी एवढा मजकूर पुरतो: ‘या निबंधाच्या इंग्रजी सारांशाचे व्याकरण तपासण्यासाठी अमुक साधन (आवृत्ती, महिना, वर्ष) वापरले. सुचवलेले बदल लेखकाने तपासून स्वीकारले किंवा नाकारले. माहितीचे संकलन, विश्लेषण आणि निष्कर्ष यांसाठी हे साधन वापरलेले नाही. संपूर्ण मजकुराची जबाबदारी लेखकाची आहे.’ ‘आवश्यक तेथे एआयचे साहाय्य घेतले’ असले मोघम वाक्य लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही आणि संशय तेवढा वाढतो.

नियतकालिक निवडतानाही हाच निकष लावा. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालणारी ‘यूजीसी-केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी आयोगाने बंद केल्याची सूचना फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाली, त्यामुळे ‘यादीत आहे’ एवढ्यावर आता भागत नाही. ज्याच्या संकेतस्थळावर एआयचे धोरण नाही, लेख मागे घेण्याची सोय नाही आणि जे ‘आठ दिवसांत छापतो’ म्हणते, त्याला पैसे पाठवू नका.

रिपोर्ट काढताना

मराठी प्रबंधाची पहिली अडचण फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड (संगणकावरील अक्षरांची सार्वत्रिक प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलमध्ये रोमन अक्षरेच साठवलेली असतात. परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. रोमन अक्षरे, डॉलर आणि कंस यांची खिचडी दिसली, तर सॉफ्टवेअरलाही तीच दिसते आणि ते शून्य साम्य देते. स्कॅन केलेल्या पीडीएफचेही तसेच. असा शून्य टक्क्यांचा रिपोर्ट जाणकार परीक्षकापुढे ठेवू नका. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर पुन्हा मुद्रितशोधन करा. ऱ्हस्व वेलांट्या पुढच्या-मागच्या अक्षरावर जातात, ‘ऱ्य’ तुटतो, जोडाक्षरांचे पाय निखळतात.

दुसरी अडचण संग्रहाची. टर्निटिनमध्ये मसुदा टाकताना तो संग्रहात साठवू नये, असा पर्याय असतो. तो निवडला नाही, तर दोन महिन्यांनी अंतिम प्रबंध स्वतःच्याच मसुद्याशी ९५ टक्के जुळतो. त्याहून वाईट म्हणजे टायपिंगच्या दुकानातून ‘स्वस्तात रिपोर्ट’ काढणे. दुकानदार कोणत्या संस्थेचे खाते वापरतो ते माहीत नसते, आणि आपला प्रबंध भलत्याच विद्यार्थ्याच्या नावावर जमा होऊन बसतो. रिपोर्ट ग्रंथालयातूनच काढा.

रिपोर्ट हातात आला की टक्का झाकून ठेवा आणि रंगवलेल्या ओळी पहिल्यापासून वाचा. प्रत्येकीशेजारी तीनपैकी एक खूण करा: संदर्भ आहे आणि अवतरणही आहे, म्हणजे ठीक; संदर्भ आहे पण शब्द त्यांचेच, म्हणजे अवतरणात घाला किंवा पान मिटून पुन्हा लिहा; संदर्भच नाही, म्हणजे आधी संदर्भ द्या, शब्दांचे नंतर पाहा. एकाच स्रोताशी सलग जुळणारे चार टक्के हे पन्नास स्रोतांशी तुकड्यातुकड्याने जुळणाऱ्या बारा टक्क्यांपेक्षा गंभीर असतात.

एआयचा ठपका आला तर

एआय शोधकाचा (मजकूर एआयने लिहिला का ते सांगणाऱ्या साधनाचा) आकडा हा पुरावा नाही, अंदाज आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा शोधक जानेवारी २०२३ मध्ये काढला आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद केला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी सात शोधकांना टोफेल परीक्षेतले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ निबंध दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. साधी वाक्यरचना आणि मोजके शब्द हे शोधकाला यंत्राचे लक्षण वाटते, आणि आपल्याकडचे बहुतेक शोध-इंग्रजी तसेच असते. टर्निटिन २० टक्क्यांखालचा आकडा दाखवतही नाही, तिथे फक्त तारांकन येते. मराठीसाठी तो शोधक नाही.

तरी ठपका आलाच, तर वाद घालत बसू नका, कागद ठेवा. मसुद्याच्या तारखांसह आवृत्त्या, वर्डचा किंवा गुगल डॉक्सचा बदलांचा इतिहास, पृष्ठांकांसह टिपणे, एआयच्या वापराची नोंद, मूळ माहितीची फाइल. रोज प्रकरणाची प्रत नव्या नावाने जतन करायची सवय इथे कामी येते: ‘प्रकरण३_फायनल_फायनल’ नको, तारीख लिहा. चौर्याची तक्रार असेल तर आधी विभागाची समिती ४५ दिवसांत अहवाल देते, नंतर संस्थेची समिती पुढच्या ४५ दिवसांत. त्या अहवालाची प्रत मिळण्याचा आणि बाजू मांडण्याचा हक्क विनियमांतच आहे. तो लेखी मागा.

आणि लेख छापून आल्यावर आपल्यालाच एखादा बनावट संदर्भ किंवा न दिलेला स्रोत सापडला, तर त्याच आठवड्यात संपादकांना लिहा: पान, ओळ, चूक, दुरुस्ती, आणि निष्कर्षावर त्याचा परिणाम होतो की नाही. सगळ्या सहलेखकांना प्रत पाठवा. निष्कर्ष टिकत असेल तर शुद्धिपत्र निघते. टिकत नसेल तर लेख मागे घेण्याची विनंती स्वतःच करा, म्हणजे मागे घेण्याच्या सूचनेत ‘लेखकांच्या विनंतीवरून’ असे छापले जाते.